जेवन झालं?

फिलू, तू खोटं बोलत नव्हतीस, हे आधी सांगून टाकते. पूर्ण खरंही बोलत नव्हतीस, पण ते मागाहून. ज्या भांडणावर आपण उभं आयुष्य काढलं, त्याचा निकाल तुझ्याच परसात लागला, आणि तो ऐकायला तू जागेवर नाहीस. याचा मला इतका राग आलाय की सुरुवात गोड बोलून करणं जमत नाही. तुला हे नवीन नाही. तू गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, तिथे तुमच्या फादरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी हात जोडले ते यासाठीच. बाकी सगळे छान बोलत होते. आदर्श शिक्षिका, मायाळू आत्या, शांत स्वभाव. शांत! मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, यांना आमची फिलोमिना कधी भेटलेलीच दिसत नाही.

दुपारी फोन वाजला की अजून हात पुसत धावते. तुझ्या फोनला हॅलो नसायचं, कशी आहेस नसायचं. "वीना, जेवन झालं?" एवढंच. मी म्हणायची, वीणा. आणि जेवण. त्यावर तुझं ठरलेलं, "तेच तर म्हनते मी." मग तू काय खाल्लंस ते सांगायची नाहीस, कारण आमच्या घरात मासळी चालत नाही, आणि मी काय खाल्लं ते सविस्तर विचारायचीस. वालाची उसळ म्हटलं की सुस्कारा सोडायचीस.

तुझा तो न. वसईच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी तो माझ्या कानावर आदळला. तू कळंबच्या कोळीवाड्यातून आलेली, तुझ्या बाबांची होडी होती. मी बागायतदार बामणाची, भाजीच्या वाफ्यांतून आलेली. दोघींनाही वनस्पतिशास्त्रच घ्यायचं होतं आणि बाकी मुलींना ते घ्यायचं नव्हतं, म्हणून आपण एका बाकावर आलो. पुढे तू शाळेत शिकवायला लागलीस. पहिल्याच आठवड्यात 'वनस्पतींचे पोषन' असं फळ्यापुढे उभी राहून म्हणालीस आणि अख्खा वर्ग फुटला. तू माझ्याकडे येऊन रडली नाहीस. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलीस आणि सुरूच्या झाडांना ऐकवत बसलीस, पोषण, पर्ण, लवण, प्राण. महिन्याभरात असा घोटीव ण झाला तुझा की शाळेत, चर्चमधल्या वाचनात, बँकेत, कुठे म्हणून तो घसरला नाही. घसरायचा तो फक्त दोन ठिकाणी. तुझ्या घरी आणि माझ्याशी बोलताना.

मी एकदा विचारलं होतं, एवढा कमावलास तर माझ्याशी का नाही बोलत नीट? तू म्हणालीस की झाड जशी माती तसं पान काढतं, त्यात नीट काय आणि वाकडं काय. झालं! तुझं कुठलंही बोलणं शेवटी मातीवरच यायचं. आणि मातीवर आलं की मोगऱ्यावर.

तो मोगरा माझ्या माहेरचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एकाच फांदीच्या आपण दोन काड्या केल्या. कल्पना तुझी. म्हणालीस, झाड एकच, माती दोन, बघू काय होतं. तुझी काडी तू कळंबला घराच्या अंगणात लावलीस, ओटीवरून दिसेल अशी, निव्वळ वाळूत. माझी माझ्याबरोबर निर्मळला सासरी आली आणि वाडीत विहिरीच्या कडेला लागली, केळीच्या शेजारी, जिथे माझा नवरा श्रीकांत दर हंगामाला शेणखताचे ढीग ओततो. श्रीकांतला तू झाडांची सासू म्हणायचीस, एवढा तो त्यांच्या खाण्यापिण्यात लक्ष घालतो म्हणून.

माझा मोगरा बघता बघता कमरेएवढा झाला. मोठी, पातळ, लुसलुशीत पानं आणि हंगामात परडी भरून कळ्या. तुझा गुडघ्याला लागेना. पानं इवलीशी, जाड, चामड्यासारखी, चुरगाळली तरी मोडायची नाहीत. मी तुझ्या ओटीवर बसून कीव करायची की काय गं हाल केलेस बिचाऱ्याचे. तू मास्तरीणबाई व्हायचीस. सांगायचीस की वाळू म्हणजे चाळणी, वरून घातलेलं तळाला जातं, तिथे मोठं पातळ पान परवडत नाही. पुन्हा मिळेल याची खात्री नसली की माणूस टिकाऊ वस्तू घेतो, तसं झाड टिकाऊ पान काढतं आणि ते लवकर टाकत नाही. तुमच्या वाडीत आज पान गळलं तरी उद्या नवीन, श्रीमंताचं काय! आणि वर जे दिसत नाही ते खाली असतं, असंही सांगायचीस. हाताशी सगळं मिळतं तिथे मूळ आखूड राहतं. मिळत नाही तिथे झाड वरचा खर्च कमी करून मुळावर लावतं आणि शोधायला निघतं.

हे सगळं मलाही परीक्षेपुरतं येत होतं गं. माझं म्हणणं वेगळंच होतं. शोधायला निघतं, कबूल, पण शोधून सापडायला काहीतरी असावं लागतं. नुसत्या वाळूवर एवढी वर्षं कुणी जगत नाही, फुलत तर नाहीच. आणि तुझा मोगरा फुलायचा. थोडा, पण दरवर्षी, न चुकता. म्हणून मी दर खेपेला विचारायची, खरं सांग, काय घालतेस त्याला? तू गळ्यातल्या क्रुसाला हात लावून सांगायचीस, "कायपन नाही. विहिरीचं पानी, तेपन उन्हाळ्यात." मी म्हणायची, चोरून शेणखत घालतेस. तू म्हणायचीस, भरल्या घरच्या लोकांना असंच वाटतं. एकदा तर यावरून आपण गणपतीपासून नाताळापर्यंत बोललो नव्हतो. नाताळाला तू करंज्या घेऊन आलीस आणि दारातूनच म्हणालीस, कायपन नाही घालत. मी म्हटलं, आत ये आधी.

श्रीकांतला मात्र तू गुंडाळलंस. त्याने वालाला युरिया मारला होता, वाल नुसता माजला होता, तेव्हा तू वाडीत शिरून एक वेल उपटलास आणि मूळ त्याच्या नाकासमोर धरलंस. गुळगुळीत. वालाच्या मुळांवर ज्या गाठी असतात, हवेतलं नत्र पकडणाऱ्या, त्यातली एक नाही. तू विचारलंस की आयतं ताट समोर आल्यावर चूल कोन पेटवनार? तो हसला, पण पुढच्या वर्षी वालाला युरिया गेला नाही. माझ्या मोगऱ्याला एका साली पेंड जरा जास्त झाली, झाड पानांनी वेडं झालं, त्यावर माव्याची कीड पडली आणि कळी धरेना, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, अति तिथे माती, आनि तुमच्याकडे तर मातीपन चांगली. माझं अजूनही म्हणणं आहे की त्या वर्षी हवाच विचित्र होती.

तुझ्या घरच्या ओटीबद्दल एक सांगायचंय, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी एवढी वर्षं कळंबला येत राहिले, पण कधी ओटी आणि पुढची खोली याच्यापलीकडे गेले नाही. तू जाऊच दिलं नाहीस. मी येणार असले की त्या दिवशी तुझ्या घरी चुलीवर मासळी चढायची नाही. फिनेलने लादी पुसलेली, कॉफीचा वास दरवळतोय, खास माझ्यासाठी घेतलेला स्टीलचा पेला. तुझ्या आईला तू आतून दटावायचीस ते मला ऐकू यायचं, वीना आलीय, ते सगळं मागे ने. मी किती वेळा सांगितलं की बाई गं, मला वासाचं काही वाटत नाही, वसईत जन्म गेला माझा. तू म्हणायचीस, तुला नाही वाटत, पन तुझ्या सासूला तुझ्या पदरातून वाटेल. सासूबाई गेल्या, तरी तू नेम मोडला नाहीस. परसदार म्हणजे काय ते मी तुझ्या घरी पाहिलंच नाही.

मग तुझं ते पोटाचं दुखणं निघालं. काही खाल्लं की ठरत नव्हतं. डॉक्टर काय सांगायचे ते तुला माझ्याआधी कळायचं आणि तू ते मला तुझ्या सोयीने सांगायचीस. मी काय करणार? मला एकच काम येतं. स्कूटरच्या पुढे पिशवी अडकवून मी रोज निर्मळहून निघायची. तांदळाची पेज, मुगाचं कढण, वाडीतलं वेलची केळं दुधात कुस्करून. आंतोन, तुझा धाकटा भाऊ, फाटकाशी उभा असायचा, मला बघून डबा हातातून घ्यायचा आणि मान हलवायचा, आजपन नाही खाल्लं तायनं. मी आत येऊन चमचा पुढे करायची. तू माझ्याकडे बघून एक घोट घ्यायचीस. एक दिवस मी हट्टाला पेटले, दुसरा घे म्हणून, तर तू माझं मनगट धरलंस.

"वीना, झाडाला घालतेस तसं मला घालू नको."

"मग काय तुझ्या मोगऱ्यासारखं वाळूत ठेवू?"

तू हसलीस. हसता हसता इतका खोकला आला की मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण तू हसत होतीस, हे मी पाहिलंय. ते माझ्यापाशी आहे.

शेवटी शेवटी तुला ओटीवर आणून बसवायचो. समोर मोगरा. त्याची खालची पानं पिवळी पडली होती, घरात कुणाचं लक्षच नव्हतं त्याच्याकडे. मी ती खुडायला उठले तर तू थांबवलंस आणि परीक्षेत विचारतात तसं विचारलंस की आधी जुनंच पान पिवळं का पडतं, सांग. मला उत्तर येत होतं. मातीतलं नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून घेतं आणि वरच्या कोवळ्या पानाला देतं. मी म्हटलं, माहीत आहे मला. तू म्हणालीस, "मग रडतेस कशाला? ते देऊन टाकतंय." मी रडत नव्हते, फिलू. तोपर्यंत नव्हते.

वैशाखात तू गेलीस, मोगऱ्याच्या ऐन दिवसांत. मी परडी भरून फुलं आणली. आंतोनने तुझ्या झाडाची होती नव्हती तेवढी ओंजळीत आणली. तुझ्या उशाशी ठेवताना दोन्ही एकत्र झाली. तुझ्या फुलांना वास जास्त की माझ्या, यावर आपण किती वाद घातला होता. मी वाकून वास घेतला. मला वेगळा काढता आला नाही.

पुढे आंतोनचा फोन आला. म्हणाला, वीनाताय, घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या काढतोय, पाया खनायला मानसं येतील, ते झाड तेवढं घेऊन जा, ताय सारखी त्याचंच बोलायची. मी आधी चिडले. फोन ठेवल्यावर श्रीकांत म्हणाला, होडी काय आता पोट भरते का त्याचं? त्याचंही बरोबर आहे. सगळा कळंब तेच करतोय, शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात आणि लोक खोल्या मागतात. पण मला धास्ती पडली. एवढ्या वयाचा मोगरा, वाळूत रुजलेला, उपटून दुसरीकडे लावला तर जगेल का? आणि नाही जगला तर तुझं म्हणून जिवंत असं काय राहणार होतं माझ्यापाशी?

पाऊस जरा उघडलेला बघून आम्ही गेलो. आंतोन, श्रीकांत आणि मी. वाळूच ती, उकरायला त्रास नव्हता. बुंध्याभोवती मुळं अगदीच थोडी निघाली. श्रीकांत म्हणाला, एवढ्यावर हे झाड उभं होतं? मग एक मूळ लागलं बोटाएवढं जाड. ते खाली न जाता आडवं निघालं होतं. आम्ही त्याच्या मागे हातांनी वाळू काढत निघालो. मधे कुठे फाटा नाही, तंतू नाही, घराच्या भिंतीच्या बाहेरून कडेकडेने सरळ, पत्ता माहीत असल्यासारखं. मी गुडघ्यांवर रांगत होते, साडीचा पार चोथा. ते मूळ पुढची खोली ओलांडून गेलं, स्वयंपाकघर ओलांडून गेलं, कोपऱ्यावर वळलं, आणि मी पहिल्यांदा तुझ्या परसात आले.

तिथे एक दगड होता. मोठा, सपाट, मधे झिजलेला, शेजारी पाण्याचं पिंप. मूळ त्याच्या खाली गेलं होतं. आंतोनने पहार घालून दगड उचलला. खाली नुसत्या जटा होत्या. केसाहून बारीक मुळं, पांढरी, इतकी दाट की मूठ आत जाईना. आणि त्यांच्यात सगळीकडे चमचमत होते खवले. तिथली वाळू वाळू राहिलीच नव्हती. काळी, ओली माती झाली होती. आंतोन म्हणाला, "ताय इथेच बसायची ना मासळी धुवायला. रोज. पानी इथेच ओतायची."

मी तिथेच फतकल मारून बसले. आधी हसू आलं, मग दुसरं आलं, श्रीकांतला कळेना आता हिचं काय करायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, फिलू! झाडाला जेवायला कोण घालत होतं, तर तू. रोज, न चुकता. मी यायची ते दिवस सोडले तर तुझा एक दिवस मासळीवाचून गेला नाही आणि त्याचाही गेला नाही. वाळूत एकाच ठिकाणी खाऊ आहे हे त्याने हुडकलं, तिथपर्यंत एका मुळावर सगळा जीव लावला आणि पोहोचल्यावर पंगत मांडली. हे शोधणं तू मला हजारदा सांगितलंस. पण तुला सुचलं नाही की ते तुझ्याच हाताखाली शोधत आलंय. कारण कोळणीला ते खत कुठे वाटतं, तिला ते पानी. धुतलं की ओतायचं. माझ्यासारखी बागायतवाली एकदा जरी त्या कोपऱ्यात उभी राहिली असती, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, अगं हे बघ, इथे जेवतंय ते. पण मी तिथे कधी आलेच नाही. मला वास लागू नये म्हणून तू मला येऊ दिलं नाहीस. तू माझी एवढी काळजी घेतलीस, म्हणून आपलं भांडण एवढी वर्षं टिकलं.

तर कोण जिंकलं? झाड शोधायला निघतं, हे तुझं खरं झालं. शोधून सापडायला काहीतरी लागतं, हे माझं खरं झालं. आपण दोघी सुटलो. मला सुटायचं नव्हतं गं. मला तुझ्याशी यावर अजून भांडायचं होतं. तू क्रुसाला हात लावून म्हणाली असतीस, मी मोगऱ्याला नव्हतं घातलं, दगडावर ओतलं, आणि मी पुन्हा नाताळापर्यंत बोलले नसते.

सगळं मूळ आणता येणं शक्य नव्हतं. श्रीकांतने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि ते लांब मूळ कोयत्याने तोडलं. मी बघितलं नाही. बुंध्याचा गोळा गोणपाटात बांधला, दगडाखालच्या काळ्या वाळूच्या दोन गोण्या भरल्या आणि आंतोनच्या टेम्पोतून निर्मळला आणलं. विहिरीपाशी माझ्या मोगऱ्याजवळच खड्डा केला, त्यात आधी तुझी वाळू, मग झाड. फांद्या छाटल्या, कारण मूळ गेलं तर वरचा भार झेपत नाही. आता एका फांदीच्या दोन काड्या पुन्हा शेजारीशेजारी आल्या होत्या. त्यातली एक हिरवीगार आणि दुसरी बघवत नव्हती.

पंधरवड्यात झाड रुसलं. तुझ्याकडचं होतं नव्हतं ते प्रत्येक चामडी पान गळून गेलं. नुसत्या काटक्या. श्रीकांत शेणखताचं घमेलं घेऊन आला, मी त्याच्या अंगावर धावून गेले. मूळ जखमी आहे, त्यावर खत म्हणजे जखमेवर मीठ, एवढं मला तुझ्याशी न भांडताही कळतं. तो म्हणाला, मग काही नाही घालायचं? मी म्हटलं, नाही. हे तोंडाने म्हणणं मला किती जड गेलं ते त्याला कळलं नसेल, तुला कळेल. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन मी नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं असलं की दिवस बरा जायचा. मग एक काटकी आतून तपकिरी निघाली. मग दुसरी. पिशवी अडकवून कळंबला येताना जसा रस्ता लांब वाटायचा, तशी ती विहीर लांब वाटायला लागली.

शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. नाक्यावर तुझ्याच गावची एक मावशी बसते मासळी घेऊन. मी झाकणाची बादली घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. आमच्या आळीतल्या दोघीतिघी भाजी घेत होत्या, त्या बघायला लागल्या, भटीण मासळीवालीकडे काय करतेय. बघू देत. मी तिला मासळी धुतलेलं पाणी द्यायला सांगितलं. म्हणजे तसं नीट सांगायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "मावशी, थोडं पानी दे गं. मासळीचं."

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कशाला गं बाय?"

"एकीचं जेवन आहे."

तिने बादली ओढून घेतली. टोपातलं सगळं ओतलं, वर कोळंबीची सालं टाकली आणि उद्यापन ये म्हणाली. घरी येऊन मी त्यात तिप्पट पाणी घातलं, अगदी पातळ, आजाऱ्याच्या पेजेसारखं, आणि बुंध्यापासून लांब, खड्ड्याच्या कडेला ओतलं. मुळाने उठून शोधत यावं म्हणून. हे तुझं मत. आणि ओतलं ते माझं. सगळ्या वाडीत वास सुटला. आमच्या विहिरीवर मासळीचा वास, फिलू! सासूबाई फोटोतून उतरून आल्या असत्या. श्रीकांतने नाकाला रुमाल लावला. आता माझं रोजचंच झालंय हे. नाक्यावर आता कुणी बघतपन नाही.

बघ, पन आला. मघाशी लिहिता लिहिता आला, मी खोडला नाही.

एक सांगायचं राहून गेलं तुला. उभा जन्म मी तुला सुधारत राहिले, वीणा म्हण, वीणा म्हण. आंतोन वीनाताय म्हणतो, त्याला ताय जोडलेलं असतं. नुसतं वीना म्हणणारं आता कुणी नाही. मला ते फार आवडायचं. वीणा मी सगळ्यांची होते, वीना तुझीच होते. सांगितलं असतं तर तू मुद्दाम ण म्हणाली असतीस, म्हणून नाही सांगितलं. चूक केली की बरोबर, कोण जाणे. पण मला तुझी फार आठवण येते आणि ती त्या एका अक्षरात येते.

आज सकाळी चहाच्या आधी विहिरीवर गेले. साल खरवडायला बोट पुढे केलं आणि थांबले. खालच्या काटकीच्या बगलेत एक कोंब होता, हिरवा, मोहरीच्या दाण्याएवढा. ते पान मोठं होईल की तुझ्याकडच्यासारखं इवलंसं चामडी, ते एवढ्यात कळायचं नाही. ते त्याचं ते ठरवेल, काय मिळतंय ते बघून. मी पदर खोचला, ओल्या मातीत उकिडवी बसले, अगदी जवळ तोंड नेलं आणि विचारलं, "जेवन झालं?"